रंगीत पाण्याचा पंचनामा

सून : नाही आलं!

मुलगा : नीट बघ!

सून : नीटच बघतेय. मान मोडायची वेळ आली. ठिपका ओला आहे, थेंब लोंबतोय, पण रंग नाही. पाण्यासारखं पाणी.

मुलगा : निळ्याची छटा? जराशी? पुसट?

सून : अहो, गच्चीवरून बोंबलून छटा काय विचारता! कापडं रंगवून पोट भरते मी. छटा असती तर तुमच्या आधी मला दिसली असती.

नाना : त्याला म्हणावं, आभाळ निळं झालंय, तेवढ्यावर समाधान मान.

मुलगा : नाना मध्ये बोलतायत का? त्यांनी मध्ये बोलायचं नाही असं ठरलंय!

नाना : मी कुठे बोलतोय, चिरंजीव! आरोपी आहे मी. आरोपीनं खुर्चीत बसायचं आणि छताकडे बघायचं.

सून : नाना, पाय आत घ्या, बादलीला लागतोय.

मुलगा : ठीक आहे! म्हणजे टाकी निर्दोष. मुद्दा क्रमांक एक निकाली. आता हिरवा ओततो, सोलरच्या पायांशी!

नाना : पाय म्हणे. भोकं म्हण की! स्लॅबला ड्रिल लावून धडाधड भोकं पाडलीस, त्यात बोल्ट ठोकलेस, आणि आता म्हणे पाय.

सून : ऐकू गेलं तर येतील खाली.

नाना : येऊ दे. सूनबाई, तो ओततोय तोवर एकदा मला नीट सांग. लाल आला की नक्की काय काय होणार?

सून : तुम्हाला माहितीय की.

नाना : माहितीय. पण त्याच्या तोंडून ऐकलं की सरकारी नोटीस आल्यासारखं वाटतं. तू सांग.

सून : निळा टाकीपाशी, हिरवा सोलरपाशी आणि लाल तुमच्या खोलीतल्या मोरीत. ज्याचा रंग इथे छतातून टपकेल, ते जाणार. टाकीचा आला तर टाकी हलवायची. सोलरचा आला तर सोलर उतरवायचा.

नाना : आणि लाल आला तर?

सून : तर तो ठेकेदार म्हणतो तसं, गच्चीवरची खोली पाडायची, स्लॅब नव्यानं करायचा...

नाना : आणि खोलीतलं सामान?

सून : तुम्ही धाकट्या भावजींकडे.

नाना : बघ, सामानाचं विचारलं तर मला सांगितलंस.

सून : नाना, शब्दात पकडू नका. तुम्हीच ‘हो’ म्हणालात सगळ्यांसमोर. ‘माझ्या मोरीतून गळत असेल तर मी एक दिवस राहणार नाही’ असं छाती ठोकून.

नाना : छाती ठोकली ती ठोकली. बँडवाल्याची छाती, जरा मोठी वाजली. मला वाटलं, पोरगा म्हणेल, ‘असं काय बोलता नाना!’ तर हा लगेच म्हणतो, ‘मग ठरलं.’

सून : भावजींकडे लिफ्ट आहे.

नाना : जो तो मला लिफ्टचं सांगतो. लिफ्टमध्ये राहू का? सकाळी वर, दुपारी खाली? मागच्या खेपेला गेलो होतो तेव्हा क्लॅरिनेट काढलं. पहिल्या सुराला वॉचमन वर आला. दुसऱ्या सुराला सेक्रेटरी. तिसरा लावलाच नाही मी. म्हटलं, आता बंब येईल.

सून : दाट वस्ती आहे ती. भिंतीला भिंत.

नाना : म्हणून तर म्हणतो. गळती हे निमित्त आहे गं. दुखणं क्लॅरिनेटचं आहे. आणि तो ठेकेदार कोण? ह्याच्याच शाळेतला. लहानपणी दोघं मिळून माझ्या क्लॅरिनेटच्या तोंडाची पट्टी, ती रीड, पळवायचे, तिची होडी करायला. आता मला पळवायला निघालेत.

सून : काहीतरीच तुमचं. आणि हात का असे शालीत गुंडाळून बसलात?

नाना : गारठा आहे.

सून : घाम आलाय तुम्हाला.

नाना : गारठ्याचा घाम आहे.

मुलगा : ओतला! आख्खा डबा ओतला! बघा आता!

सून : बघतेय!

नाना : ‘आख्खा’ म्हणाला. गरज नसताना ‘आख्खा’ म्हणाला. लहानपणी दूध मोरीत ओतून यायचा तेव्हाही म्हणायचा, ‘आख्खं प्यायलो.’

सून : नाना, तुम्ही ना, पोटच्या पोरावर सुद्धा...

नाना : पोटच्या पोरावरच. दुसऱ्याच्या पोराची मला माहिती नाही.

मुलगा : आलं का?

सून : नाही!

मुलगा : नाहीच येणार! मी काय म्हणत होतो? सोलर निर्दोष! मुद्दा क्रमांक दोन निकाली! खाली येतो!

नाना : किती लगबग बघ. टाकीच्या वेळी तासभर वाट बघितली, पुसट-पुसट करत बसला. इथे ओतला काय, निर्दोष सुटला काय.

सून : तेही आहेच म्हणा.

मुलगा : आलो. चहा टाक गं. हे असं असतं काम. पद्धतशीर. एकेक शक्यता काढत जायची. आता उरतं काय? उरते ती तिसरी. मी काही बोलत नाही. नाना, मी काही बोलत नाहीये हां.

नाना : ऐकतोय मी, तू बोलत नाहीयेस ते.

मुलगा : लाल तर सकाळी सगळ्यात आधी ओतलाय मी, तुम्हाला खाली आणल्या आणल्या. जाडजूड स्लॅब, वेळ लागणार. पण येईल. पाणी कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही.

सून : फोन वाजतोय.

मुलगा : घे ना.

सून : हॅलो... हो, बोला डॉक्टर... कोट? कोणते कोट?... वाळत घातलेले, बरं... अगं बाई! सगळे?... थांबा थांबा, कोणता रंग म्हणालात?... निळा नाही ना? नक्की हिरवा?... नाही हो, हसत नाहीये मी, ठसका लागला... नाही जायचा तो. धुऊन जावा म्हणून मी रंग बनवतच नाही, डॉक्टर... अहो पण हिरवा डोळ्याला थंड, दात काढताना पेशंटला बरं वाटेल... नाही, चेष्टा नाही... हो. सांगते ह्यांना. इथेच आहेत. तोंड कुठे लपवावं बघतायत.

मुलगा : कोण, शेजारचे दातवाले?

सून : तेच. पांढरे कोट मागच्या दोरीवर टाकले होते. आपल्या गच्चीचा पाइप त्यांच्या भिंतीवर उघडतो, त्याच्या तोंडाखाली.

मुलगा : मग? टाकीपाशी ओतलेलं गेलं असेल वाहत.

सून : टाकीपाशी निळा ओतला. कोट हिरवे झालेत.

मुलगा : निळा आणि... जुनं पिवळट कापड असलं की...

सून : मला रंग शिकवू नका. शुभ्र कोट होते ते. डॉक्टरीणबाई दात नाही घासत इतके कोट घासते. हिरवा सोलरच्या पायांशी ओतला म्हणालात ना? सोलर गच्चीच्या त्या टोकाला. उतार उलटा. तिथलं पाणी ह्या पाइपाकडे चढून कसं आलं?

मुलगा : वाऱ्यानं.

नाना : वाऱ्यानं!

मुलगा : नाना, तुम्ही मध्ये नाही बोलायचं.

सून : मी बोलते मग. आख्खा डबा कुठे ओतलात?

मुलगा : मी काय म्हणतो, आधी चहा...

सून : कुठे ओतलात?

मुलगा : ...पाइपात.

नाना : आख्खा!

मुलगा : हो, आख्खा! आता काय फाशी देता? ते बोल्ट मी स्वतः मारलेत. माणूस न बोलावता. ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरलोय, एक थेंब गळला तर नाव बदलीन. माझं ऐकून साहेबांनी ड्रिल आणलं घरी. आता त्यांना काय सांगू, माझंच गळतंय?

सून : म्हणजे गळतंय हे माहीत होतं.

मुलगा : माहीत नव्हतं! शंका होती. शंका आणि माहिती यात फरक असतो.

नाना : बरोबर आहे. माझ्यावर होती ती माहिती. स्वतःवर होती ती शंका.

सून : शाबास. आणि मी इथे मान वर करून... अहो. अहो, बादलीत बघा.

मुलगा : काय?

सून : थेंब पडला आत्ता. रंग आलाय.

मुलगा : लाल! बघू! लाल आला ना?

सून : पिवळा.

मुलगा : पिवळा कुठून येईल? पिवळा कुणी ओतलाच नाही.

सून : तेच म्हणतेय मी. मी तुम्हाला निळा दिला, हिरवा दिला, लाल दिला. पिवळा माझ्या फडताळात आहे, बूच लावून.

मुलगा : गंज असेल. सळईचा गंज.

सून : गंज तांबूस असतो, मळकट. हा बघा, अंड्याच्या बलकासारखा. हा माझा पिवळा आहे. स्वतः घोटलाय मी. माझं पोर मी गर्दीतसुद्धा ओळखीन.

मुलगा : मग आपोआप चालत गेला गच्चीवर?

सून : नाना.

नाना : हं?

सून : हात बाहेर काढा.

नाना : गारठा आहे गं.

सून : नाना, शाल काढा.

नाना : काढली. घ्या. बघा. दोन्ही बाजूंनी बघा.

मुलगा : नाना! कोपरापर्यंत!

नाना : बूच घट्ट होतं. ओढलं तर अंगावर आलं. साबणानं घासले, राखेनं घासले. सूनबाईचा माल आहे तो, पक्का.

सून : कधी घेतलात?

नाना : पहाटे. हा घोरत होता तेव्हा. ह्याचं घोरणं मी लहानपणापासून ओळखतो, खालच्या सुरात गेलं की तोफ उडवली तरी उठत नाही.

मुलगा : आणि ओतलात कुठे?

नाना : कुठे म्हणजे? तुझ्या बोल्टांच्या मुळाशी. प्रत्येकाच्या. मला माहीत होतं, तू तिथे ओतणार नाहीस. दूध मोरीत ओतणारा माणूस तू.

मुलगा : ही चोरी आहे! फसवणूक आहे! तपास चालू असताना आरोपीनं परस्पर...

नाना : सापडला कोण पण?

मुलगा : मुद्दा तो नाही.

नाना : मुद्दा क्रमांक किती मग हा? ज्याचा रंग आला ते जाणार. पिवळा आला. सोलर उतरव. सूनबाई, माझं क्लॅरिनेट कुठाय? जरा विजयाचं काहीतरी वाजवतो.

सून : नाना, ते वाजवाल तर बघा! आधी ह्या हातांनी कशाला शिवू नका. सोफ्याला नको, पडद्याला नको!

मुलगा : थांबा. थांबा जरा. पिवळा आला, मान्य. सोलर गळतो, मान्य. मी नाव बदलतो, मान्य. पण म्हणून मोरी गळत नाही असं सिद्ध होत नाही. लाल कुठाय?

नाना : आला नाही. नाहीच येणार.

मुलगा : का नाही येणार? बरोबर मोरीच्या खाली हा ठिपका. सकाळपासून लाल तिथे साचलाय. मी हातानं भोकात बोळा कोंबलाय, वर बादलीभर पाणी ओतलंय. पहाटेचा पिवळा गच्ची ओलांडून पोचला, आणि डोक्यावरचा लाल पोचत नाही? का?

नाना : देवाला डोळे आहेत.

मुलगा : तू का गप्प झालीस?

सून : मी? मी बादली बघतेय.

मुलगा : मघापासून आम्हा दोघांना उभं-आडवं घेत होतीस. लाल म्हटल्यावर गप्प?

सून : चहा टाकते.

मुलगा : मघाशी मी चहाचं म्हणालो तर टाकला नाहीस. लाल रंग कसला दिला होतास मला?

सून : लाल तो लालच.

मुलगा : निळा डब्यात दिलास, कालवलेला. हिरवा डब्यात, कालवलेला. लालाची तेवढी पुडी दिलीस. कोरडी. का?

सून : डबे संपले होते.

नाना : फडताळात रिकामे डबे रचून ठेवलेत की. पहाटे माझ्या डोक्यावर पडले दोन.

सून : नाना, तुमच्यासाठी करावं तर तुम्हीच...

मुलगा : ‘तुमच्यासाठी’! ‘तुमच्यासाठी करावं’ म्हणाली! काय केलंस?

सून : तो गरम पाण्याचा रंग आहे.

मुलगा : म्हणजे?

सून : म्हणजे उकळत्या पाण्यातच विरघळतो. गार पाण्यात टाकला की वाळूसारखा तळाशी बसतो. वरून पाणी स्वच्छ.

मुलगा : पण मी बघितला ना! लाल दिसला!

सून : पुडी लाल, फरशीवर पसरली ती लाल. पाणी कुठे लाल होतं? ते तुम्ही बघितलंच नाही. तुम्हाला लाल बघायचं होतं, तुम्ही लाल बघितलं आणि बोळा कोंबून आलात.

मुलगा : म्हणजे हा लाल कधी येणारच नव्हता.

सून : आठ दिवस बसला असतात तरी नाही.

मुलगा : वा! म्हणजे ह्या घरात मीच एक साधा!

नाना : पाइपात हिरवा ओतणारा साधा.

मुलगा : पण तू का? तुला काय पडलं होतं? नाना वर वाजवत बसतात, सगळ्यात जास्त त्रास तुला. दिवसभर घरात तू असतेस!

सून : म्हणूनच.

मुलगा : म्हणूनच काय?

सून : ते संध्याकाळी वाजवायला लागले की तुम्ही बोलायचं थांबता.

मुलगा : मी कुठे एवढं बोलतो!

सून : ऑफिसातून आल्यापासून साहेब, फाइल, बोल्ट, ड्रिल, मुद्दा क्रमांक एक. नाना वर सूर लावतात आणि तुम्ही कपाळाला हात लावून आत जाऊन पडता. मग मी, माझी कापडं आणि ते क्लॅरिनेट. दिवसातली तेवढीच एक वेळ घर शांत असतं.

नाना : सूनबाई, मी हे कौतुक समजू ना?

सून : समजा तुम्हाला काय समजायचं ते. मध्ये तो वरचा सूर दर वेळी फाटतो, तेवढा सोडून.

नाना : तो फाटत नाही, तिथे पट्टी सैल झालीय.

मुलगा : ठीक आहे. ठीक आहे! कळलं. बाप चोर, बायको त्याला सामील. पण मी निकाल लावल्याशिवाय राहणार नाही. गॅसवर पातेलं ठेव.

सून : कशाला?

मुलगा : पाणी उकळ. तुझाच रंग, तुझीच रीत. मोरीत बोळा आहे, पुडी आहे. उकळतं पाणी ओततो. होऊ दे काय व्हायचं ते.

सून : अहो, राहू द्या. सोलर गळतो हे कळलं ना? तेवढं बुजवा आणि बघा पुढच्या पावसात.

मुलगा : नाही. नाना, तुम्ही सांगा. राहू द्यायचं का?

नाना : मी काय सांगू?

मुलगा : शब्द तुम्ही दिला होतात. तुम्ही म्हणत असाल तर राहू देतो.

नाना : नको. ओत. सगळ्यांनी लबाडी करून झाली, आता एकदा खरं होऊ दे. ठेव गं पातेलं.

सून : नाना...

नाना : ठेव म्हणतो ना. मोठं ठेव.

(मुलगा वाफाळतं पातेलं घेऊन जिना चढतो. वर दार वाजतं. सून आणि नाना बादलीच्या दोन बाजूंना.)

सून : तुम्ही ‘नको’ म्हणाला असतात तर त्यांनी ऐकलं असतं.

नाना : ऐकलं असतं. आणि मग रोज जिना चढताना माझ्याकडे बघितलं असतं, दूध प्यायलोय की ओतलंय असं. ते मला नको. तो माझा खाक्या आहे, त्याचा नको.

सून : तुम्हाला माहीत होतं ना, मोरी गळते ते?

नाना : माहीत नव्हतं.

सून : शंका?

नाना : कोपऱ्यातली फरशी आंघोळ करताना डुगडुगते. पाणी साचतं आणि मग कुठे जातं कळत नाही. मी म्हटलं, वाळत असेल.

सून : इतक्या पावसात?

नाना : माणूस काहीही म्हणतो गं स्वतःला.

सून : बापलेक एका माळेचे मणी.

नाना : तिकडे धाकट्याकडे मी काय करणार, ते सांग. चांगला आहे तो, सूनही चांगली. सगळे हळू बोलतात. दार हळू लावतात. मी खाकरलो तरी ‘काही हवंय का नाना’ म्हणतात. तिथे भांडायला कोणी नाही.

सून : इथे आहे.

नाना : इथे पोटभर आहे.

मुलगा : ओतलं! आई गं! आई गं!

सून : काय झालं?

मुलगा : पायावर आलं! काही नाही, फार नाही! बघा तुम्ही! झालाय लाल! मोरी रक्तासारखी झालीय!

सून : बघतोय आम्ही!

नाना : थेंब धरतोय बघ.

सून : अजून पिवळाच आहे.

नाना : पडला.

सून : पिवळा.

नाना : दुसरा धरतोय.

मुलगा : आलं का?

सून : थांबा हो!

नाना : बुडाशी बघ त्याच्या. बुडाशी काहीतरी...

सून : मला दिसतंय, नाना.

नाना : मलाही दिसतंय.

मुलगा : आलं का म्हणतो मी!

सून : आलं!

मुलगा : कोणता?

सून : खाली या!

मुलगा : कोणता ते सांग ना!

नाना : ये खाली, चिरंजीव. तुझ्यासारखं ओरडून निकाल सांगायची पद्धत नाही आमच्यात.

मुलगा : आलो. सरक. बघू.

सून : पाय! अहो, पाय बघा तुमचे! घोट्यापर्यंत लाल! जिन्यावर पावलं उमटवत आलात!

मुलगा : पाय मरू दे. रंग बघू. हा... हा कोणता?

सून : तुम्हीच सांगा.

मुलगा : लाल.

सून : लाल?

मुलगा : लालसर. लालात थोडा... नाही, पिवळ्यात... हा कोणता गं?

सून : नारिंगी.

मुलगा : म्हणजे?

सून : म्हणजे तुमच्या बोल्टांचा पिवळा आणि नानांच्या मोरीचा लाल. आत स्लॅबमध्ये कुठेतरी भेटले आणि एकत्र खाली उतरले.

नाना : आपण दोघं कधी एकत्र खाली उतरलो नाही, पण पाणी उतरलं बघ.

मुलगा : म्हणजे दोन्ही गळतात.

सून : दोन्ही.

मुलगा : मग निकाल काय?

सून : निळा आला तर टाकी, हिरवा आला तर सोलर, लाल आला तर नाना. नारिंगीचं काही ठरलं नव्हतं.

मुलगा : ही पळवाट आहे.

सून : असू दे. तुम्हाला पाइप चालतो, मला पळवाट का नको?

मुलगा : नाना, तुम्ही बोला. हा लाल आहे की नाही?

नाना : आहे. त्यात लाल आहे. शब्द दिला तो दिला. मी बॅग भरतो.

मुलगा : थांबा हो! लगेच काय बॅग!

नाना : मग? ठेकेदार म्हणालाय ना, खोली पाडायची.

सून : त्याला एक विचारलं होतंत का? नुसती मोरी काढली, फरशी उचलून तेवढाच कोपरा भरला, तर?

मुलगा : ...नाही विचारलं.

सून : का?

मुलगा : तो म्हणाला पाडायला लागेल, आणि मला बरं वाटलं.

सून : अहो!

मुलगा : बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तुम्हाला वाटतं मला क्लॅरिनेटचा त्रास आहे. आहेच. डोकं उठतं. पण ते वाजतंय तोवर कळतं तरी, की वर सगळं ठीक आहे. ते थांबलं की मी जिन्याखाली येऊन उभा राहतो. खोकल्याचा आवाज येईपर्यंत हलत नाही. ती ओली मोरी, ती डुगडुगणारी फरशी...

नाना : फरशीचं तुला कुणी सांगितलं?

मुलगा : पाय दिलाय मी तिच्यावर. आज नाही, कधीचाच. म्हटलं, धाकट्याकडे लिफ्ट आहे, कोरडी बाथरूम आहे.

नाना : मग हे बोलायचं सोडून तू रंग ओतत बसलास?

मुलगा : तुम्ही ऐकलं असतंत?

नाना : नाही.

मुलगा : मग!

सून : झालं तुमचं? मी सांगते तसं करा. सोलर उतरवा, बोल्ट काढा, भोकं बुजवा. मोरी फोडा आणि भरून टाका. खोली राहू दे. नानांनी वर झोपायचं, वर वाजवायचं, आंघोळीला मात्र खाली यायचं.

नाना : खाली? तुमच्या बाथरूममध्ये? रांगेत? हा आत गेला की पेपर वाचून बाहेर येतो.

मुलगा : नाही नेणार पेपर.

नाना : लिहून दे.

मुलगा : नाना!

नाना : बरं. आणि खाली गरम पाणी किती वाजता असतं?

सून : तुम्ही उठाल तेव्हा.